दोन बुडांची बोट आणि बाबांची परतफेरी

आमच्या बाबांच्या अस्थी समुद्राला दोनदा द्याव्या लागल्या. पहिल्या वेळी समुद्राने त्या परत केल्या.

यात समुद्राचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. भांडण बोटीच्या बुडाचं होतं. बोटीला बूड एक असावं की दोन, यावर आम्ही दोघे सख्खे भाऊ चांगले वर्षभर भांडलो, आणि त्या भांडणाची वसुली बिचाऱ्या बाबांकडून झाली. तीही ते गेल्यावर!

आमचं घर खाडीच्या दक्षिण काठावर. समोर रेवदंडा. बाबा जन्मभर तर चालवायचे. (तर म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी. 'तर काय सांगत होतो' मधला तर नव्हे.) बाजारवाले, नवरदेव, बाळंतिणी, बकऱ्या, सगळे बाबांच्या होडीतून रेवदंड्याला जायचे आणि संध्याकाळी बाबांच्याच होडीतून परत यायचे. मग खाडीवर पूल झाला. पुलावरून पहिली एसटी गेली त्या दिवशी बाबांनी होडी वर ओढली आणि तिच्यावर झावळ्या टाकल्या.

त्या दिवसापासून त्यांनी पुलाशी अबोला धरला. एसटी पुलावर चढली की बाबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे आणि पलीकडे उतरली की उघडायचे. कंडक्टरलाही हे ठाऊक झालं होतं. तो पूल संपताना ओरडायचा, "बाबा, आला किनारा!" मग बाबा डोळे उघडून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघायचे.

असल्या माणसाच्या पोटी आम्ही दोघे. थोरला अशोकदादा. तो आखातात तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर होता, समुद्राचं पाणी कोळून प्यायलेला. धाकटा मी, नंदू. मला होडी लागते. जशी काहींना एसटी लागते, तशी मला होडी लागते. लहानपणी मी तरीत बसलो की बाबा मला काठाशी बसवायचे आणि बाकीचे प्रवासी दुसऱ्या बाजूला सरकायचे. होडी तिरकी चालायची, पण सवयीने चालायची.

दादा आखातातून कायमचा परतला, तोवर मी नारळीच्या वाडीत चार खोल्यांचं लॉज काढलं होतं. पाहुणे सकाळी चहासोबत एकच विचारायचे, "बोट आहे का हो तुमची? डॉल्फिन दाखवता का?" रोज नाही म्हणून मी कंटाळलो. शेवटी आम्ही भावांनी ठरवलं की आपलीच एक मशीनची बोट घ्यायची.

बाबा तेव्हा खाटेवर पडून असायचे. छातीत पाणी साठत होतं. (आयुष्यभर ज्याच्यावर बसले, ते आता यांच्यावर बसलं होतं.) बोटीचं नाव काढताच ते उशीला टेकून ताठ झाले.

"घ्या," म्हणाले. "पण मी हाय तवर घ्या. येक फेरी मारीन."

एवढंच मागितलं त्यांनी. एक फेरी. आणि आम्ही काय केलं? आम्ही भांडायला बसलो!

दादाला हवी होती डीप व्ही. त्याने स्वयंपाकघरातून विळी आणली आणि आमच्यासमोर उलटी धरली. "हे बघ. बूड असं खोल आणि धारदार. समोरून लाट आली की उभी चिरत जाते. खवळलेल्या पाण्यात हीच बोट माणसाला घरी आणते. मी वीस वेळा बघितलंय."

मला हवी होती कॅटामरान. मी दोन काकड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि वर पोळपाट ठेवला. "आणि हे बघ. दोन बारीक बुडं, त्यांच्यावर सपाट अंगण, मधून पाणी पळतंय. दोन पायांवर उभ्या माणसासारखी. हलत नाही, डुलत नाही!"

"समोरची लाट दोन बुडांच्या मधे घुसली की खालून थपडा बसतात. दात खिळखिळे होतात!"

"आणि तुझी व्ही उभी राहिली की पाळण्यासारखी झुलते. पाहुण्यांनी डॉल्फिन बघायचे, की कठड्यावर ओणवं होऊन डॉल्फिनना नाश्ता द्यायचा?"

"तुला होडी लागते म्हणून सगळ्या जगाला दोन बुडं हवीत का?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "बोटीला दोन बुडं कशाला? तिला काय पाटावर बसायचं हाय? आणि त्या काकड्या दे इकडं, कोशिंबिरीच्या हायेत."

बोटी विकणारे केतनभाई मुंबईहून फोनवर असायचे. त्यांच्याकडे दोन्ही प्रकार होते, त्यामुळे त्यांचं मतही दोन्ही प्रकारचं होतं. दादाने फोन केला की म्हणायचे, "अशोकभाई, एकदम बराबर! व्ही म्हणजे व्ही!" मी केला की, "नंदुभाई, तुम्ही हुशार माणूस! कॅटामरान म्हणजे सोफासेट!" एकदा आम्ही दोघांनी एकाच फोनवरून, स्पीकर लावून विचारलं. केतनभाई दोनदा हॅलो हॅलो करून म्हणाले, "नेटवर्क जाते आहे."

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गणपती गेले, पुन्हा दिवाळी आली. बाबा रोज विचारायचे, "आली का रं?" आम्ही म्हणायचो, "येतेय, बाबा. फक्त बूड ठरायचंय."

एका दुपारी आम्ही त्यांच्याच खाटेच्या दोन बाजूंना बसून, त्यांच्या पोटावर दोन्ही बोटींची छापील चित्रं पसरून भांडत होतो. तेवढ्यात बाबांनी हात उचलला. आम्ही दोघे वाकलो. त्यांचे ओठ हलले.

"दोन…" ते म्हणाले.

मी टुणकन उठलो. "ऐकलंस? दोन! दोन बुडं! खुद्द बाबांनी सांगितलं!"

"अर्धं वाक्य ऐकून नाचू नकोस!" दादा म्हणाला. "दोन नको म्हणतायत ते. बाबा, दोन नको ना?"

"दोन…" बाबा पुन्हा म्हणाले.

"बघ! दोन हवीत!"

"नकोत!"

आई आतून धावत आली आणि आम्हा दोघांना बाजूला ढकललं. "अरे मेल्यांनो, दोन चमचे पाणी मागतायत ते!"

तिने चमच्याने पाणी पाजलं. दोन चमचे. आम्ही ती चित्रं गुपचूप गोळा केली. त्या दिवशी पुढे बुडाचा विषय निघाला नाही. (दुसऱ्या दिवशी निघाला.)

आणि त्याच आठवड्यात बाबांचा श्वास लागला. अलिबागहून अँब्युलन्स मागवली. मी आणि दादा त्यांच्या शेजारी बसलो. गाडी पुलावर चढली आणि बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटले. दादा माझ्याकडे बघून हसला, मीही हसलो. म्हटलं, म्हातारा शुद्धीवर आहे! पुलावरचा राग शाबूत आहे!

पूल संपला. मी वाकून कंडक्टरच्या सुरात म्हणालो, "बाबा, आला किनारा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर घरात जे व्हायचं ते सगळं झालं. माणसं आली, रडली, चहा प्यायली, गेली. आम्ही भाऊ एकमेकांकडे बघत नव्हतो. आणि नेमका तेव्हा केतनभाईंचा फोन आला. बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. ते उत्साहाने ओरडत होते, "सरप्राइज! दोन्ही बोटी घेऊन मी स्वतः येतो! तुम्ही चालवून बघा, मग ठरवा!"

दादा म्हणाला, "आता कसली ट्रायल? रद्द करू."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कशाला रद्द? ह्यांच्या अस्थी दर्यात सोडायच्याच हायेत. लोकांच्या होडीतून कशाला? त्या दोन बोटी येतायत ना? मागितली व्हती ना त्यांनी येक फेरी?"

दहाव्याच्या आतला दिवस ठरला. आता एवढ्यावर दोन शहाणे भाऊ थांबले असते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कॅटामरानमधून नेऊ. बाबांना धक्के बसणार नाहीत."

"थोरला मी आहे," दादा म्हणाला. "बाबा व्हीमधून जातील. खाडीच्या तोंडाशी लाटा असतात."

"त्यांना आता लाटांचं काय?"

"त्यांना आता धक्क्यांचं काय?"

शेवटी दादा म्हणाला, "निम्मे निम्मे करू." हे ऐकून आईने पायातली चप्पल काढली आणि तो वाद मिटला. ठरलं असं की जाताना व्हीमधून जायचं आणि येताना आईने कॅटामरानमधून यायचं. म्हणजे दोन्हींची ट्रायल होईल आणि कोणी कोणाला बोलणार नाही.

त्या दिवशी सकाळी दोन्ही बोटी आमच्या जेट्टीला लागल्या. पांढऱ्या शुभ्र, चकाकत्या. गुरुजींनी काठावरच मंत्र उरकले आणि म्हणाले, "पाण्यातलं थोरल्या मुलाने बघावं." (गुरुजींनाही होडी लागते. हा आमच्या दोघांमधला जुना जिव्हाळा.) माझी बायको सुनीता किनाऱ्यावर थांबली. अस्थी लहानशा मडक्यात होत्या, तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. ते मडकं माझ्या मांडीवर.

केतनभाईंना सगळं कळल्यापासून ते इतके ओशाळले होते की दर वाक्यामागे हात जोडत होते. पण एका गोष्टीत ते ऐकेनात. "बोटीत बसणार त्या प्रत्येकाला लाईफ जॅकेट. हा नियम आहे. सॉरी." त्यांनी भगव्या रंगाची जॅकेटं वाटली. आईने घातलं, दादाने घातलं, मी घातलं. एक उरलं.

आणि इथे माझी अक्कल धावली! मी विचार केला, लाटेत मडकं कुठे आपटलं तर फुटेल. मग काय करावं? ते उरलेलं जॅकेट मी मडक्याभोवती गुंडाळलं, पट्टे ओढले, 'टक्' करून क्लिप लावली. झकास बसलं. बाबांच्या मापाचंच होतं जणू.

आईने बघितलं. "हे काय?"

"सुरक्षितता," मी म्हणालो.

दादाने व्ही सुरू केली. मागून केतनभाई कॅटामरान घेऊन एकटेच निघाले. खाडीच्या तोंडाशी भरतीच्या लाटा उठत होत्या, आणि खरं सांगतो, व्हीने त्या अशा कापल्या की मनातल्या मनात मी दादाला मान तुकवली. (मनातल्या मनातच.) तोंड ओलांडून आम्ही मोकळ्या दर्यात आलो. दादाने इंजिन बंद केलं, चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "इथे."

बोट थांबली आणि झुलायला लागली.

डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. आभाळ खाली गेलं, पाणी वर आलं. दादा मडकं घ्यायला उठला आणि परत धपकन बसला. आईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने दादाला. आणि माझ्या पोटाने ठरवलं की आता फार झालं. मी मडकं छातीशी धरून काठाकडे धावलो आणि वारा कुठून येतोय हे न बघता ओणवा झालो. पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की निम्मं समुद्राला गेलं आणि निम्मं दादाला आलं.

"नंद्या!" दादा ओरडला. "बापाच्या अस्थी हातात आहेत!"

"त्यांना सवय आहे!" मी म्हणालो. आणि ते खरंही होतं.

आईने निर्णय दिला. "असल्या झुलत्या जागी मी ह्यांना सोडायची न्हाय. ती दोन बुडाची बोलवा."

मला उलटीतही आनंद झाला! केतनभाईंनी कॅटामरान शेजारी आणली. ती खरोखरच ताटासारखी निश्चल होती. दादाने इकडून आणि केतनभाईंनी तिकडून धरून आईला अलगद पलीकडे नेलं. आता माझी पाळी. मी मडकं काखोटीला मारलं, एक पाय कॅटामरानवर ठेवला, दुसरा अजून व्हीवर होता, आणि तेवढ्यात दोन्ही बोटींच्या मधे एक लाट शिरली.

दोन होड्यांवर पाय ठेवू नये, असं आपल्याकडे सांगतात. का सांगतात, ते मला त्या दिवशी समजलं. डावा पाय मुरुडकडे निघाला आणि उजवा अलिबागकडे. पँट मधून टर्रकन फाटली. वर्षभर भांडून जे ठरलं नव्हतं, त्याचा फैसला माझ्या शरीराने करावा अशी समुद्राची इच्छा दिसत होती!

मी पडलो. मडकं पडलं. दोघे एकदमच पाण्यात.

डोकं वर काढून बघतो तर माझ्यापासून हातभर अंतरावर बाबा तरंगत होते. भगवं जॅकेट घालून. मीही भगवं जॅकेट घालून. एका लाटेवर दोघे वर जात होतो, दुसरीवर दोघे खाली येत होतो. लांबून कोणी बघितलं असतं तर त्याला कोण जिवंत आणि कोण गेलेला हे सांगता आलं नसतं.

"दादा!" मी हात वर केला. "मला धर!"

दादाने कठड्यावरून वाकून हात लांब केला. माझ्या डोक्यावरून. मडक्याकडे!

"अरे, मी इथे आहे!"

"तू थांब!" दादा खेकसला. "तू जिवंत आहेस!"

त्याच्या बोटांचा जॅकेटला धक्का लागला आणि बाबा आणखी दूर गेले. मग दादाने इंजिन सुरू केलं आणि वळसा घालून जवळ आला, तर व्हीने उडवलेल्या लाटेने त्यांना आणखी लांब ढकललं. दादा पुढे, बाबा त्याहून पुढे. मी मधे, पाणी पीत. आई वरून ओरडत होती, "अरे, बुडू दे त्यांना! बुडवायलाच आणलंय!" पण ते बुडतील कसे? मीच तर क्लिप लावली होती!

मला शेवटी केतनभाईंनी कॅटामरानच्या मागच्या शिडीने वर घेतलं. मी फाटक्या पँटीनिशी आईच्या पायाशी पडलो. तेवढ्यात आई म्हणाली, "आले. आले. इकडंच येतायत."

आम्ही पुढे वाकून बघितलं. भगवं गाठोडं लाटेवर स्वार होऊन सरळ आमच्या बोटीकडे येत होतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, बरोबर मधोमध. दोन बुडांच्या मधल्या पोकळीत ते शिरलं. आम्ही पळत मागच्या बाजूला गेलो आणि ते बाहेर यायची वाट बघत राहिलो.

ते बाहेर आलं नाही.

मागे दोन इंजिनं होती. मला वर घेतल्यावर त्यांचे पंखे पुन्हा चालू झाले होते. केतनभाईंनी झटकन ती बंद केली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाण्यावर काहीच वर आलं नाही, ना खापर, ना फडकं. नुसता फेस विरत गेला.

दादा व्ही जवळ घेऊन उभा होता. झुलणाऱ्या बोटीत कसाबसा उभा राहून त्याने हात जोडले. "सुटले," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग मलाही आवरेना. आईने डोळ्याला पदर लावला आणि समुद्राला नमस्कार केला. केतनभाईंनीही केला, पण नंतर हळूच वाकून इंजिनाचे पंखे बघून घेतले.

परतताना वारा जमिनीकडून सुटला होता, त्यामुळे लाटा समोरून येत होत्या. मधल्या पोकळीतून पायाखाली आवाज येत होता. थप. थप. थप थप.

"कोण ठोकतंय खालून?" आईने विचारलं.

"माँजी, लाटा आहेत," केतनभाई अदबीने म्हणाले. "दोन बुडांच्या बोटीत थोडी थोडी थप्पड लागते."

एरवी मी या कबुलीने हादरलो असतो. दादा तर हेच वर्षभर सांगत होता! पण त्या दिवशी माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. आई मात्र अर्ध्या रस्त्यात पुन्हा म्हणाली, "लाट न्हाय ही. लाटेला येवढी सवड नसते."

जेट्टीवर सुनीता उभी होती. बोट तोंड पुढे करून तिच्याकडे येत होती, त्यामुळे दोन बुडांच्या मधलं आम्हाला न दिसणारं सगळं तिला समोर दिसत होतं. आधी तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग ती जोरात ओरडली, "अहो! बाबा आले!"

जॅकेटचा पट्टा खालच्या एका लोखंडी कडीत अडकला होता. मडकं शाबूत! फडक्याची गाठही सुटली नव्हती. दोन बुडांच्या मधे, पाण्यापासून वीतभर वर, झोक्यात बसल्यासारखे बाबा लोंबकळत होते. वाटेतल्या प्रत्येक लाटेने त्यांना वरच्या फळीवर आपटलं होतं. आणि माझ्या जॅकेटमुळे त्यांना ओरखडादेखील उमटला नव्हता.

जेट्टीवर माणसं जमली. गुरुजी दोन पावलं मागे सरकले. असं काही झालं तर काय करायचं, हे त्यांच्या कुठल्या पोथीत नव्हतं. दादा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी पुन्हा पाण्यात उडी मारायचा विचार करत होतो. सगळ्यांना वाटलं, आता आई कोसळणार.

आई गुडघ्यांवर हात ठेवून कशीबशी खाली उतरली. जेट्टीच्या उतारावर घोटाभर पाण्यात उभी राहिली. तिने वाकून ती क्लिप सोडवायचा प्रयत्न केला, तिला जमली नाही, मी सोडवली. मग मडकं पोटाशी धरून ती म्हणाली, "ह्यांची सवयच ती. माणसं पलीकडं सोडायची आन आपण परत यायचं. मुक्कामाला कदी राह्यले न्हायत." आणि ती हसली. हसता हसता इतकी रडली की सुनीताने तिला धरून बसवलं.

केतनभाईंनी ते जॅकेट दोन बोटांत धरून माझ्याकडे दिलं. "हे तुम्हीच ठेवा, नंदुभाई."

दुपारी ओहोटी लागली. बाबांची होडी झावळ्यांखाली केव्हाच कुजली होती, म्हणून शेजारच्या घरातून एक लहान लाकडी होडी मागून आणली. मशीन नाही, काही नाही. दादाने वल्ही घेतली, मी मडकं घेतलं. आई म्हणाली, "मी काठावरनं बघते. तुमी दोघंच जा." पूर्वी बाबांची तर जिथून जायची त्याच सरळ रेषेत दादा वल्हवत राहिला, खाडीच्या मध्यापर्यंत. तिथे त्याने वल्ही आत घेतली. मी फडकं सोडलं, दोघांनी मिळून मडकं तिरकं केलं. पाणी थोडं करडं झालं, मग नेहमीसारखं झालं. ओहोटीने सगळं दर्याकडे नेलं. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. मला होडी लागली नाही. आयुष्यात ती एकच वेळ.

परत येताना दादा म्हणाला, "नंदू, आपण कॅटामरानच घेऊ. तुझं बरोबर होतं. आई किती सहज चढली तिच्यात."

माझं मन भरून आलं. मी म्हणालो, "नको दादा. व्ही घेऊ. त्या लाटा कशा कापल्या तिने!"

"अरे, आपल्याला काय मुंबईला जायचंय रोज? पाहुणे चांगल्या हवेत येणार, खाडीत फिरणार, थांबून डॉल्फिन बघणार. ओहोटीला इथे पाणी उथळ. कॅटामरानच पाहिजे."

"थपडा बसतात. तूच म्हणाला होतास."

"मी चूक होतो!"

"तू अजिबात चूक नव्हतास!"

"मी सांगतो ना, दोन बुडं!"

"आणि मी सांगतो, एक!"

काठाला लागेपर्यंत आमचे आवाज अख्ख्या गावाला ऐकू जात होते. आईने कपाळावर हात मारला. "त्यांना आत्ताच कुठं धाडलंय. जरा लांब तरी जाऊ द्या, मग भांडा!" आणि तिनेच जाहीर करून टाकलं की कॅटामरान येणार, कारण तिच्या गुडघ्यांना ती मानवते, आणि उरलेल्या आयुष्यात तिला बोटीत चढायला दोन माणसं लागता कामा नयेत.

तर कॅटामरान आली. दादा ती चालवतो. पाहुण्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण दादाला बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही.

पहिल्या फेरीला बोट भरलेली होती. मी पुढे उभा राहून झोकात सुरुवात केली. "मंडळी, ही आहे दोन बुडांची बोट! हिच्यावर भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही! आमचे वडील या खाडीचे राजे होते. पाणी आमच्या रक्तातच…" एवढ्यात खाडीचं तोंड आलं, एक आडवी लाट आली, आणि मी भाषण अर्धवट टाकून कठड्यावर ओणवा झालो. या वेळी वाऱ्याची दिशा मात्र बघून घेतली.

मागच्या बाकावरून, जिथे इंजिनाच्या आवाजात माझं भाषण पोचलं नव्हतं, नाशिकच्या एक प्रेमळ आजी उठून माझ्या शेजारी आल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "पहिल्यांदाच बसलात ना बोटीत? कुठले तुम्ही?"

मी मागे वळून बघितलं. सुकाणूवर दादा कान टवकारून उभा होता.

"पुण्याचा," मी म्हणालो.